‘पाच मिनिटांचं काम’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार. फाइल सर्व्हर (सगळ्यांच्या सामायिक फाइली ठेवणारा संगणक) मंद का चालतो यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “एवढं पाल्हाळ कशाला? माझा विंडोज डेस्कटॉप सुसाट चालतो, मॅकबुक वायफायवर रडतं, म्हणजे दोष मॅकचाच. सांबामध्ये [लिनक्स सर्व्हरवरच्या फाइली विंडोज-मॅकला पुरवणारा प्रोग्राम] सॉकेट ऑप्शन्सची [नेटवर्क जोडणीच्या सेटिंग्जची] ओळ टाकून दोन्ही बफर [पाठवायचा आणि आलेला डेटा तात्पुरता ठेवायची जागा] ८१९२ करा, पाच मिनिटांचं काम. साइनिंगवर [प्रत्येक संदेशावर सुरक्षेसाठी केलेली डिजिटल सही] अवाक्षर नाही. लेखकाने सर्व्हर कधी हाताळलाय, की नुसतं वाचून लिहिलंय?”

मतभेदाला माझी ना नाही, पण ही बोलायची पद्धत झाली का? हाताळलाय म्हणावं. नोव्हेल नेटवेअर या जुन्या नेटवर्क प्रणालीच्या काळात को-अ‍ॅक्सियल केबलच्या टोकाचा टर्मिनेटर सैल झाला की अख्खं नेटवर्क झोपायचं, तेव्हा टेबलांखाली रांगत तो शोधणाऱ्यांपैकी मी एक. पुढे सांबा आला, तोही सोर्समधून कंपाइल करून चालवलाय. असो.

लेखात वेग कुठे मेगाबिटमध्ये तर कुठे मेगाबाइटमध्ये दिलाय, तो एकाच एककात हवा होता. हे मान्य, आणि दुरुस्तही केलं.

आता तुमची ती ओळ. ती कुठून आली ते मला ठाऊक आहे. जुन्या कॉन्फिग फाइलींतून ती पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलीय आणि टाकणारा कधी विचारत नाही की ८१९२ म्हणजे काय. ८१९२ बाइट, म्हणजे ८ किलोबाइट. बफर एवढाच ठेवला की समोरून पोच येईपर्यंत सर्व्हर साधारण तेवढाच डेटा तारेवर ठेवू शकतो, मग हात बांधून बसतो. वायरवर डेटा जाऊन पोच परत यायची ही फेरी ०.२ मिलिसेकंदात होत असेल तर सेकंदाला ४० मेगाबाइट मिळतात. वायफायवर तीच फेरी ३ मिलिसेकंदांची झाली की उरतात जेमतेम २.७. गिगाबिट नेटवर्कची कमाल १२५ आहे, हे लक्षात असू द्या.

आता तुमचंच वाक्य पुन्हा वाचा. डेस्कटॉप सुसाट, मॅकबुक वायफायवर. डेस्कटॉपला वायर असणार असं धरून चालतो. म्हणजे ही ओळ तुमच्या सर्व्हरवर आधीपासून असेल, तर मॅकचा जो ‘दोष’ तुम्हाला दिसतोय त्यातला बराचसा तिनेच घडवलेला असू शकतो! लिनक्स बफरचा आकार स्वतःच गरजेप्रमाणे कमीजास्त करतो. तुम्ही आकडा ठोकून बसवलात की ती सोय बंद. सांबाचं मॅन पेजही (अधिकृत माहितीपान) नेमकं याच कारणासाठी सॉकेट ऑप्शन्सपासून सावध करतं. त्याच ओळीत असणारं टीसीपी नोडिले (छोटे तुकडे न थांबवता लगेच पाठवायची सेटिंग) सांबा मुळातच लावतो, त्यामुळे ‘ओळ टाकली आणि फरक पडला’ यातला फरक बहुतेकदा मधल्या रीस्टार्टचा असतो. एका ऑफिसात हीच ओळ काढायला मला बोलावलं होतं. तिथल्या माणसालाही ती पाच मिनिटांत सापडली होती. निस्तरायला सगळा आठवडा गेला.

म्हणूनच लेखात आधी आयपर्फ (नेटवर्कचा निव्वळ वेग मोजणारं साधन) चालवा म्हटलं होतं, मॅक आणि विंडोज दोन्ही आळीपाळीने एकाच केबलवर लावून. आयपर्फमध्ये डिस्क नाही, सांबा नाही, फाइंडर (मॅकवर फाइली दाखवणारा प्रोग्राम) नाही, नुसती तार. तिथे दोघांचे आकडे सारखे आले तर वरचे थर तपासा: मॅकशी जुळवून घेणारं सांबाचं फ्रूट मॉड्यूल चालू आहे का, फाइंडर प्रत्येक फोल्डरात डीएस_स्टोअर (फोल्डरची मांडणी लक्षात ठेवणारी लपलेली फाइल) लिहीत बसलाय का, एकाच फोल्डरात हजारो फाइली कोंबल्यात का. याला तुम्ही पाल्हाळ म्हणता. बरं.

साइनिंगचं म्हणाल तर ती वेग खाते, कोण नाही म्हणतंय? पण २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ प्रो आणि एंटरप्राइझमध्येही ती मुळातच सक्तीची आहे, तेव्हा ती फक्त मॅकची कटकट समजू नका. सविस्तर पुन्हा कधीतरी. तुमचे उरलेले शेरे मी सोडून देतो.

ती ओळ काढा, सांबा रीस्टार्ट करा, मॅकबुकला केबल लावा आणि आयपर्फचे दोन्ही आकडे इथे टाका. तोवर तुमचा ‘उपाय’ लेखात जोडणार नाही, आणि पुन्हा विचारलंत तरी हेच उत्तर मिळेल.