पुढे गेल्यास पुन्हा फेरी

आज दुपारी साताऱ्यात एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काउंटरवरचा मुलगा मला म्हणाला, “मॅडम, आजींसाठीच हवाय ना? मग एवढं काय बघताय. कुठलाही युनिव्हर्सल रिमोट घेऊन टाका, नाहीतरी त्यांना काय कळणारे त्यातलं.” आजी, म्हणजे माझी आई, माझ्या शेजारीच उभी होती. हातभर अंतरावर. तो तिच्याकडे बघतही नव्हता. आई काही बोलली नाही. पर्सची चेन लावली आणि म्हणाली, “चल गं. इथे नको.”

रात्रीचे साडेदहा झालेत, तरी माझं डोकं शांत होत नाहीये. म्हणून लिहितेय. मोठं होणार आहे.

आई ७४ वर्षांची आहे. ३१ वर्षं तिने हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं. अण्णा गेल्यापासून घरात एकटी असते आणि संध्याकाळी सात ते साडेनऊ हा तिचा टीव्हीचा वेळ. बातम्या, एक मालिका आणि मग यूट्यूबवर कीर्तन. बस, एवढंच. एवढ्यासाठी आमच्या हॉलमध्ये तीन रिमोट आहेत. टीव्ही मी घेतलेला. होम थिएटर अण्णांनी २०१२ च्या दिवाळीत हौसेने आणलेलं, पाच स्पीकर आणि वूफरवालं. त्याच्या वायरी त्यांनी स्वतः स्टुलावर चढून क्लिपा ठोकत भिंतीच्या कडेने नेल्यात. आणि स्टिक, म्हणजे टीव्हीच्या मागे खुपसली की यूट्यूबसारखं इंटरनेटवरचं दाखवणारी ती कांडी, दादाने न्यू जर्सीत बसून ऑर्डर केली, थेट आईच्या दारात. तिघांनीही प्रेमानेच आणलं. पण हे सगळं मिळून चालवायचं कसं, हे त्या खुर्चीत बसून आमच्यापैकी एकानेही कधी करून बघितलं नाही.

गेल्या गणपतीत टीव्हीखालच्या कपाटाचं दार उघडलं तर आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला. एकरेघी वहीचा, आईच्या फळ्यावरच्या अक्षरात. मी तो तिथेच उकिडवी बसून वाचला.

“१. स्विचबोर्डची दोन्ही बटणे. २. लांब रिमोट, लाल बटण. ३. लांब रिमोट, सोर्स, खाली खाली, एचडीएमआय दोन. ४. चंदेरी रिमोट, पॉवर. ५. फंक्शन दाबत राहणे, ऑक्स येईपर्यंत. पुढे गेल्यास पुन्हा फेरी. ६. छोटा रिमोट, घराचे चित्र. ७. आवाज लांब रिमोटने नाही! चंदेरी रिमोटने.”

पाचवी ओळ तीनदा खोडून लिहिली होती. ‘पुढे गेल्यास पुन्हा फेरी.’ डीव्हीडी, एफएम, यूएसबी, ऑक्स (म्हणजे बाहेरून वायरीने जोडलेल्या वस्तूचा आवाज), असं ते एका बटणावर गोल फिरतं आणि ऑक्स हुकलं की पहिल्यापासून. हे तिने एकटीने, कुणालाही फोन न करता शोधून काढलं होतं. आणि आम्ही भावंडं फोनवर एकमेकांना काय सांगत होतो? आईला स्टिक जमत नाही रे. जमत नाही! सात पायऱ्यांचा प्रयोग तिने कृतीसह लिहून ठेवला होता आणि जमत नाही म्हणे.

तेव्हापासून मी या रिमोटच्या मागे लागलेय, आणि आता जे कळलंय ते तावातावाने सांगणार आहे.

पहिल्यांदा मी बाजारातला साडेतीनशेचा युनिव्हर्सल रिमोट आणला. पाकिटावर ‘सर्व टीव्ही, सर्व होम थिएटर’. टीव्ही चालला. होम थिएटरही चाललं. स्टिक मात्र ढिम्म. मी तासभर कोड टाकत बसले, आईने दोनदा चहा आणून दिला. कारण साधं आहे आणि ते कुणीही सांगत नाही. टीव्हीचे रिमोट इन्फ्रारेडवर चालतात. म्हणजे पुढच्या दिव्यातून सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकणारा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश जातो आणि समोरच्या वस्तूला तो ‘दिसावा’ लागतो. स्टिक बसते टीव्हीच्या पाठीमागे. तिला काय दिसणार? म्हणून ॲमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकसारख्या बहुतेक स्टिक आपल्या रिमोटशी ब्लूटूथवर बोलतात, इन्फ्रारेडचा डोळाच त्यांना नसतो. तेव्हा नुसता इन्फ्रारेड असलेला रिमोट, तो साडेतीनशेचा असो नाहीतर साडेतीन हजारांचा, स्टिक हलवू शकत नाही. ‘युनिव्हर्सल’ शब्द बघून पैसे देऊ नका, पाकिटावर ब्लूटूथ लिहिलंय का ते बघा. नसेल तर खाली ठेवा.

मग दादाचा सल्ला आला. वायफायवर चालणारी एक छोटी डबी मिळते, ती खोलीभर इन्फ्रारेड फेकते, आणि सगळं मोबाईलच्या ॲपवरून. मी आईला समजावलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे फोन चार्जिंगला लावला की टीव्ही बंद? आणि कुणाचा फोन आला की मी बोलू का आवाज कमी करू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. दादाकडेही नव्हतं. तरुण पोरांच्या घरात चालत असेल ते, मान्य. पण रिमोट अंगठ्याने चाचपून चालवायची वस्तू आहे. आईच्या चष्म्याचे नंबर दोन, हॉलमध्ये ट्यूब बंद, अशा वेळी गुळगुळीत काचेवर बटण कुठून सापडणार? रबराची, उंचवट्याची, एकमेकांपासून लांब असलेली बटणं लागतात. बाकी सगळं नंतर.

दादाकडे स्वतःकडे हार्मनी आहे, लॉजिटेकचा. त्याच्यासारखा रिमोट झाला नाही असं तो म्हणतो आणि वापरून बघितल्यावर मलाही ते पटलं. ‘सिनेमा बघायचाय’ एवढं एकच बटण दाबायचं, तो सगळ्यांना क्रमाने उठवतो आणि कोण चालू, कोण बंद हे लक्षात ठेवतो. हे लक्षात ठेवणं फार महत्त्वाचं आहे. कारण आपल्याकडच्या बऱ्याच वस्तूंना चालू आणि बंदचं बटण एकच असतं. साध्या रिमोटने एका दाबात सगळ्यांना पॉवर पाठवली आणि त्यातलं एक आधीच चालू असलं, की ते बंद होतं आणि बाकीचे चालू. पण लॉजिटेकने २०२१ मध्ये हार्मनी बनवणंच थांबवलं. चांगली वस्तू होती आणि गेली. आता सोफाबॅटन कंपनीचे तसले रिमोट आहेत, त्यांत ब्लूटूथही आहे. ज्याला हजारो रुपये घालायचेत आणि जो रविवारची दुपार ॲपमध्ये मांडणी करत बसेल त्याने जरूर घ्यावा. मी आईसाठी नाही घेतला. मांडणी बिघडली तर ती दुरुस्त करायला ती माझ्यावर अवलंबून राहणार, आणि मला नेमकं तेच नको होतं.

शेवटी उत्तर निघालं ते स्टिकच्याच रिमोटमध्ये. हे वाचून तुमच्यापैकी निम्मे तरी उठून आपापला रिमोट बघतील, म्हणून नीट सांगते. फायर टीव्हीच्या नेहमीच्या रिमोटला पॉवर आणि आवाजाची बटणं असतात आणि त्या बटणांपुरता त्याच्यात इन्फ्रारेडचा दिवाही असतो. सेटिंगमध्ये ‘इक्विपमेंट कंट्रोल’ आहे. तिथे टीव्हीची कंपनी सांगायची, होम थिएटरची सांगायची आणि आवाजाची बटणं होम थिएटरला जोडून द्यायची. लाईट नावाचं जे स्वस्त मॉडेल यायचं त्याच्या रिमोटला ही बटणंच नसतात. आमच्याकडे नेमकं तेच आलेलं होतं. दादाने चारपाचशे वाचवले आणि आईच्या वाट्याला चौथी आणि सातवी पायरी आली. (दादा, रागावू नकोस. पण आली.)

दुसरी गोष्ट म्हणजे टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन सीईसी चालू करा. एचडीएमआयच्या, म्हणजे स्टिक टीव्हीत जिथे खुपसतो त्या जोडणीच्या, १९ पिनांपैकी १३ नंबरची पिन वस्तूंनी एकमेकांना निरोप देण्यासाठीच ठेवलेली आहे. ती चालू असेल तर स्टिकवरचं घराचं चित्र दाबलं की टीव्ही आपणहून जागा होतो आणि आपणहून बरोबर एचडीएमआयवर जातो. आईच्या कागदावरची दुसरी आणि तिसरी पायरी गेली! फक्त प्रत्येक कंपनीने त्याला आपलं बारसं करून ठेवलंय. सॅमसंगवर ‘एनीनेट प्लस’, सोनीवर ‘ब्राव्हिया सिंक’, एलजीवर ‘सिंपलिंक’. सीईसी असं शोधत बसलात तर जन्मात सापडणार नाही. एकाच गोष्टीला इतकी नावं कशाला? कुणाच्या सोयीसाठी?

तुम्ही म्हणाल, जुनं होम थिएटर काढा, एआरसीवाला, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधूनच घेणारा, साउंडबार घ्या, एका एचडीएमआय वायरीत काम होतं. होतं, बरोबर आहे तुमचं. फक्त साउंडबार ऑप्टिकल वायरीने जोडू नका, तिच्यातून नुसता आवाज जातो, हे निरोप जात नाहीत. पण आमच्याकडे ते पाच स्पीकर अण्णांनी लावलेत. त्यावर चर्चा नाही.

तर आज आम्ही आवाजाची बटणं असलेला रिमोट आणायला गेलो होतो आणि पहिल्याच दुकानात ते वाक्य ऐकून बाहेर पडलो. रस्त्यावर आई गप्प. मी तणतणत होते, तीच मला म्हणाली, “अगं, पोरगा आहे. त्याच्या घरीही असंच बोलत असतील.” मला हे जास्त लागलं. तिला सवय झालीये, हे.

पोवई नाक्याच्या पुढे एक छोटं रिपेअरिंगचं दुकान दिसलं. साठीचे एक गृहस्थ, डोळ्याला भिंग लावून सोल्डरिंग करत बसलेले. त्यांनी पहिला प्रश्न आईला विचारला, “घरी काय काय आहे, ताई?” आईने पर्समधून तो कागद काढला. सोबत आणला होता तिने, मला न सांगता! त्यांनी सातही ओळी वाचल्या, पाचव्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हे जुन्या होम थिएटरचं दुखणंच आहे. बरोबर लिहिलंय तुम्ही.” मग त्यांच्या दुकानातल्या टीव्हीला तसलीच स्टिक होती, तिचा आवाजाची बटणं असलेला रिमोट घेतला, आपल्या फोनचा कॅमेरा त्याच्यासमोर धरला आणि आवाजाचं बटण दाबलं. फोनच्या पडद्यावर रिमोटच्या तोंडाशी फिकट जांभळा ठिपका फडफडला. मग बाणाचं बटण दाबलं, ठिपका नाही. “आवाज उजेडाने जातो, बाकीचं ब्लूटूथने.”

आई वाकून बघत होती. रिमोट स्वतःच्या हातात घेतला, चारपाच वेळा दाबून बघितला. “अवरक्त किरण,” ती म्हणाली. “इतकी वर्षं शिकवले. डोळ्यांनी आज बघितले.”

त्यांनी साडेआठशेला रिमोट दिला, चालला नाही तर परत आणा म्हणाले. घरी येऊन आईनेच बसवला. मी बाजूला बसून फक्त वाचून दाखवत होते. स्क्रीनवर विचारतात, आवाज बदलला का? ती वूफरजवळ कान नेऊन सांगायची, नाही. नाही. तिसऱ्या वेळी हो.

एक दुखणं राहिलंच. वीज गेली की होम थिएटर पुन्हा डीव्हीडीवर जातं, त्यामुळे चंदेरी रिमोट पूर्ण सुटला नाही. त्याच्या फंक्शनच्या बटणावर माझ्या पाकिटातली एक लाल टिकली चिकटवली. आणि एकदा टीव्ही चालू, होम थिएटर बंद अशी उलटापालटही झाली. मी फोनवर शोधायला लागले, तोवर आईने उठून होम थिएटरचं पुढचं बटण हाताने दाबलं आणि दोघांना एका पायरीवर आणलं.

रात्री जेवण झाल्यावर तिने नवा कागद लिहिला. तीन ओळी. घराचे चित्र. आवाज त्याच रिमोटने. आणि तिसरी, वीज गेल्यास चंदेरी रिमोट, टिकली, ऑक्स येईपर्यंत, पुढे गेल्यास पुन्हा फेरी. जुना कागद काढला नाही, नवा त्याच्यावरच चिकटवला.

दादा, तू हे सकाळी वाचशील. पुढच्या वेळी काहीही पाठवण्याआधी फोन आईला कर. मला नको. मॉडेल नंबर तीच सांगेल.