‘कडकी’ म्हटल्याने कडकी येत नाही

मार्चपासून माझ्या धाकट्या भावाच्या वर्कशॉपची बिलं अडकली आहेत. परवा मामांनी त्याला एक फॉरवर्ड पाठवला. हाँगकाँगच्या कँटनीज भाषेत म्हणे कडकीला शब्द नाही, सावकाराला नाही. पैशाला ते ‘पाणी’ म्हणतात म्हणून तो वाहत येतो. आपण ऊठसूट ‘कडकी’ म्हणतो म्हणून कंगाल. खाली मामांची ओळ: बोलणं बदल, दिवस बदलतील.

मी सहा वर्षं हाँगकाँगला नोकरी केली आहे. कडकीला शब्द नाही? पंचवीस तारखेनंतर बाहेर जेवायला चल म्हटलं की शेजारच्या टेबलावरचा सहकारी रिकामं पाकीट उघडून दाखवायचा: ‘गॉन तॉंग’. तळं आटलं! कमाई थांबून साठवलेलं मोडून खायची वेळ आली की ‘सिक गुक जुंग’, म्हणजे पेरणीचं बियाणं खाणं. हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. नोकरी गेली तर ‘चाव याव यू’, माकूळ परतणं. तव्यावर माकूळ गुंडाळतं, तशी वळकटी गुंडाळून कामगार निघायचा.

सावकाराला तर ‘दाय यी लुंग’, कानाचं मोठं भोक. मोठी कर्णभूषणं घालणाऱ्या भारतीय सावकारांवरून तो शब्द आला, असं तिथे सर्रास सांगतात. कोणी कर्जच काढत नसेल तर 1980 साली सावकारीचा कायदा कशाला केला? त्यात व्याजाची कमाल मर्यादा वर्षाला 60 टक्के होती. ती 48 वर आली डिसेंबर 2022 अखेरीस.

पैशाला पाणी म्हणतात, हे खरं. शंभर डॉलर म्हणजे ‘पाण्याचा एक गोळा’. पण पैशासाठी दारोदार धावण्यालाही ‘पॉक सॉय’ म्हणतात, त्यातही तेच पाणी आहे.

माझा संताप मामांच्या ‘बोलणं बदल, दिवस बदलतील’ या ओळीवर आहे. 1997 नंतर हाँगकाँगमध्ये घरांचे भाव कोसळले. 2003 च्या मध्यावर एक लाखाहून जास्त गृहकर्जं अशी होती, की घर विकूनही कर्ज फिटलं नसतं. ती माणसं काय चुकीचं बोलली होती? भाऊ रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हिशेबाची वही घेऊन बसतो, आणि त्याला आपण सांगायचं की तुझ्या जिभेमुळे हे झालं?

मामा, ज्या कारखान्याकडे त्याचे पैसे अडकलेत, तिथले साहेब तुमच्या ओळखीचे आहेत. त्यांना फोन करा.