इस्रायलमधली कामगिरी एका ओळीत नको

सिनेमॅटोग्राफर (चित्रपटाचे छायाचित्रणकार) ॲडम ग्रीनबर्ग यांच्यावरचा हा लेख १९८४च्या 'द टर्मिनेटर'पासून सुरू होतो आणि आधीचं सगळं एका ओळीत उरकतो. हे पटलं नाही. 'आय लव्ह यू रोझा' (१९७२), 'ऑपरेशन थंडरबोल्ट' (१९७७), 'लेमन पॉप्सिकल' (१९७८) ही त्यांचीच कामं. त्यांनीच चित्रित केलेला, दिग्दर्शक सॅम्युएल फुलरचा 'द बिग रेड वन' (१९८०) बराचसा इस्रायलमध्येच चित्रित झाला, आणि हॉलिवूडची वाट त्यातून मोकळी झाली.

'टर्मिनेटर २'साठी ग्रीनबर्ग यांना छायाचित्रणाचं ऑस्कर नामांकन फक्त स्पेशल इफेक्ट्समुळे मिळालं असंही नाही. त्याच्या शेवटच्या प्रसंगातला पोलाद कारखाना कॅलिफोर्नियातल्या फोंटाना इथला, बंद पडलेला. तिथली धग प्रकाशानेच उभी केली आहे: भट्टीकडून नारिंगी, बाकी थंड निळा. भट्टीच्या धगीचा असा भास करताना एकाच दिव्याचा डिमर (उजेड कमी-जास्त करणारं बटण) वरखाली केला की तो नुसता लुकलुकतो. दोन-तीन दिवे वेगवेगळ्या लयीत, आणि कधीही पूर्ण न विझवता हलवावे लागतात. वाफेला प्रकाश मागून हवा. समोरून टाकला की ती राखाडी पडदा होते आणि काळे भाग धुऊन जातात.

शिवाय हा चित्रपट सुपर ३५वर (३५ मिमी फिल्मची जास्त रुंदी वापरणारी पद्धत) चित्रित झाला. त्या काळी स्कोप प्रिंटसाठी (रुंद पडद्याच्या प्रतीसाठी) त्यातून एक जादा ऑप्टिकल टप्पा, म्हणजे भिंगातून पुन्हा प्रत काढणं, लागायचा आणि चित्रातला दाणा (फिल्मचा खरखरीतपणा) वाढायचा. म्हणून रात्रीच्या दृश्यांतही निगेटिव्हला (मूळ फिल्मला) भरपूर एक्स्पोजर, म्हणजे प्रकाश, द्यावं लागे. कमी पडलं की सावल्या दुधाळ. 'टर्मिनेटर २'मधले काळे रंग नीट बघा, किती घट्ट आहेत!