सबसिडीचा फॉरवर्ड आणि न्यूझीलंडच्या मेंढ्या

परत तोच फॉरवर्ड. "न्यूझीलंडने 1984 ला शेतीची सबसिडी बंद केली, काही बिघडलं नाही. सरकारी पैशाने उत्पादन वाढत नाही, शेतकरी फक्त आळशी होतो." दर दोन महिन्यांनी येतो, म्हटलं आता एकदाच लिहून टाकू.

न्यूझीलंडने सबसिडी काढली आणि शेती बुडाली नाही, मान्य. पण तिथे बराच पैसा मेंढ्यांमागे जायचा, भावाची हमी होती म्हणून लोकांनी कळप वाढवले, 1982 ला देशात 7 कोटी मेंढ्या होत्या. आज अडीच कोटींच्या आतबाहेर. सगळी घट सबसिडी गेल्यामुळेच नाही, लोकरीचा भाव पडला, लोक डेअरीकडे वळले, पण घसरण सुरू झाली ती तेव्हाच. म्हणजे पैशाने उत्पादन हलतं हे तुमचंच उदाहरण सांगतंय की राव! आणि शेती संशोधन त्यांनी वाऱ्यावर सोडलं नाही, 1992 ला त्यासाठी सरकारी संस्था उभी केली. फॉरवर्डमध्ये हे कुठंय?

"उत्पादन वाढत नाही" म्हणे. 1965 ला आपल्याकडे भाव ठरवणारा आयोग आणि अन्न महामंडळ आलं, 1966 ला मेक्सिकोहून 18,000 टन गव्हाचं बियाणं आणलं. बुटका गहू, खत घातलं तरी लोळत नाही. 1964-65 ला गहू सव्वा कोटी टनांच्या आसपास होता, 1970-71 ला 2.38 कोटी. संशोधन, कालव्याचं पाणी, हमीची खरेदी, सगळीकडे सरकारी पैसा होता.

आता आळशीपणा. 2010 पासून स्फुरद-पालाशच्या (फॉस्फरस-पोटॅशच्या) खतांना ठरावीक अनुदान, भाव वरखाली होतो, युरिया मात्र स्वस्तच ठेवला. मग माणूस काय टाकणार? युरियाच टाकणार, हा साधा हिशोब आहे, आळस कसला. आठवड्यात पिकाला गर्द हिरवी काळोखी येते, बघायला झकास, पण पाला लुसलुशीत झाला की मावा-तुडतुड्यांसारख्या किडी धावून येतात आणि दाणा भरायच्या वेळी वारा सुटला की सगळं आडवं. इथे पैसा जातो आणि पीक त्या मानाने वाढत नाही, एवढं तुमचं बरोबर.

बाकी बियाण्याचं अनुदान पेरणी उरकल्यावर आलं तर त्या हंगामात कुणाचंच काही वाढत नाही, ते वेगळंच.

तर पुढच्या वेळी पाठवाल तेव्हा कुठली सबसिडी बंद करायची तेवढं लिहा, युरियाची की संशोधनाची?