डी८५०: २ लाख क्लिकनंतर बॉडी खरंच भंगार होते का?

सेकंडहँड कॅमेऱ्यांच्या ग्रुपवर निकॉनच्या डी८५० या आरसा असलेल्या (डीएसएलआर) कॅमेऱ्याबद्दल एक मेसेज वारंवार फिरतो: '२ लाख क्लिक झालेली बॉडी भंगार, ५० हजारांच्या आतली डोळे झाकून घ्या. ४५ मेगापिक्सेल म्हणजे हॉलमध्ये नॉईज. वेदर सील्ड आहे, पावसाची चिंता नको. ग्रिप लावली की ९ फ्रेम.' चारही वाक्यांत थोडं थोडं खरं आहे, म्हणून मेसेज टिकलाय. त्यावर विसंबून पैसे मोजले तर फसगत ठरलेली.

'२ लाख क्लिक म्हणजे भंगार.' बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा आणि क्लिक म्हणजे शटर (फोटो टिपणाऱ्या सेन्सरसमोरचे उघडझाप करणारे पडदे) किती वेळा चाललं याची मोजणी, म्हणजेच शटर काउंट. २,००,००० हा आकडा कंपनीने शटरच्या चाचणीसाठी दिलेला आहे. ती काही औषधावरची एक्सपायरी नाही. कुठलं शटर त्याआधी जातं, कुठलं त्यानंतरही बरंच चालतं. आणि गेलं तरी शटर युनिट बदलता येतं. सौदा करताना तो खर्च किमतीतून वजा करायचा, एवढंच. उलट 'डोळे झाकून' हा सल्ला जास्त घातक. व्हिडिओचे तास शटर काउंटमध्ये मोजलेच जात नाहीत. ३० हजार क्लिकची बॉडी वर्षानुवर्षं व्हिडिओसाठी राबलेली असू शकते.

आकडा पाहा, पण शटरचे पडदेही तपासा. उन्हात एक साधी पांढरी भिंत घ्या. मॅन्युअल मोड, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/५.६, ऑटो आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता आपोआप बदलणं) बंद. व्ह्यूफाईंडरमधून १/१००० सेकंद आणि आयएसओ १००वर एक फोटो, मग १/८००० आणि आयएसओ ८००वर दुसरा. वेग आठपट, आयएसओ आठपट, म्हणजे उजेड सारखाच दिसायला हवा. अ‍ॅपर्चर मुद्दाम हलवायचं नाही. उघडलं की लेन्सचे कोपरे काळे पडतात आणि दोष कुणाचा ते कळत नाही. १/२५०च्या पुढे सेन्सर एकाच क्षणी पूर्ण उघडा नसतोच, दोन पडद्यांमधली फट सरकत जाते. १/८०००ला ती फट इतकी अरुंद असते की पडदा जरासा रेंगाळला तरी फोटोच्या एका बाजूला काळसर पट्टा उमटतो. असे दहा-बारा फोटो काढा, कारण थकलेलं शटर प्रत्येक वेळी चुकत नाही. दुकानातल्या एलईडी दिव्यांखाली ही चाचणी करू नका. तिथले पट्टे दिव्याच्या लुकलुकण्याचे असतात आणि चांगली बॉडी उगाच नापास होते.

यापेक्षा महत्त्वाची खूण मेनूत लपलेली असते. सेटअप मेनूतलं 'एएफ फाईन-ट्यून' (लेन्सनिहाय ऑटोफोकसची चूक भरून काढणारी सेटिंग) उघडा आणि साठवलेले आकडे वाचा. मर्यादा −२० ते +२०. एखाद्या लेन्सला −४ असेल तर काही बिघडत नाही. तीन-चार लेन्सना एकाच दिशेने १५च्या पुढचे आकडे दिसले, तर आरसा, त्यामागचा छोटा आरसा किंवा फोकस मॉड्यूल जागेवरून हललंय असा संशय घ्यावा. खात्री करायची तर फाईन-ट्यून बंद करून ट्रायपॉडवरून एकाच वस्तूचा एक फोटो व्ह्यूफाईंडरने, दुसरा लाईव्ह व्ह्यूने (मागच्या स्क्रीनवर पाहून) काढा. लाईव्ह व्ह्यूत फोकस थेट सेन्सरवर ठरतो, आरशाचा संबंधच येत नाही. तिथे अचूक आणि व्ह्यूफाईंडरने पुन्हा पुन्हा मागे-पुढे, असं झालं तर वेगळ्या लेन्सने करून पाहा. दोष बॉडीसोबत राहिला की व्यवहार तिथेच थांबवा.

'४५ मेगापिक्सेल म्हणजे नॉईज.' १०० टक्के झूम करून पाहिलं तर २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेमपेक्षा (तेवढ्याच मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यापेक्षा) दाणे, म्हणजे नॉईज, जास्त दिसतात, खरंय. पण ८२५६ पिक्सेल रुंदीचा फोटो ६००० पिक्सेलवर आणला की दाणे सरासरीत विरतात आणि फरक जवळजवळ उरत नाही. अल्बमच्या पानावर तर तो शोधूनही सापडायचा नाही. हॉलमध्ये खरा त्रास हलण्याचा होतो. तेवढीच हालचाल इथे जास्त पिक्सेलवर पसरते, त्यामुळे १/६०वर चाललेला हात इथे १/१२५ मागतो. त्यासाठी आयएसओ वाढला तर वाढू द्यावा.

'पावसाची चिंता नको.' बॉडीच्या सांध्यांवर सील आहेत, पण पाण्यात टिकण्याचं आयपी रेटिंग नाही. माउंटपाशी (लेन्स बॉडीला जोडते तिथे) रबरी कडा नसलेली लेन्स लावली की पाण्याला वाट मोकळीच. सेकंडहँड बॉडीत यूएसबी-एचडीएमआयवरची रबरी झाकणं सैल झालेली असतात, ती बोटाने दाबून पाहा. कोकणात किंवा मुंबईत वापरलेला कॅमेरा असेल तर सोबतच्या लेन्समधून टॉर्च मारून बुरशीचे धागे शोधा. पावसाचा एक थेंब वरवर पुसता येतो, कपाटातली दमट हवा मात्र आत राहते.

'ग्रिप लावली की ९ फ्रेम.' म्हणजे सेकंदाला ९ फोटो. पण नुसत्या ग्रिपने (बॉडीखाली जोडायच्या बॅटरीच्या पकडीने) नाही. एमबी-डी१८ ग्रिपमध्ये ईएन-ईएल१८ मालिकेतली मोठी बॅटरी असेल तरच ९. बॉडीचीच ईएन-ईएल१५ए तिथे घातली तर वेग ७वरच राहतो. मोठ्या बॅटरीला बीएल-५ झाकण आणि वेगळा चार्जर लागतो, आणि विकणारा बहुतेकदा नेमकं तेच देत नाही. शिवाय दुसऱ्या स्लॉटमध्ये स्वस्त एसडी कार्ड टाकून बॅकअप मोड (तोच फोटो दोन्ही कार्डांवर) चालू ठेवला असेल, तर बफर (फोटो कार्डावर जाईपर्यंत थांबतात ती मेमरी) त्या हळू कार्डाच्याच वेगाने रिकामा होतो. रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ फाईल) दुसऱ्या प्रकारच्या वेगवान एक्सक्यूडी कार्डावर आणि फक्त जेपेग एसडीवर ठेवलं तर ही अडचण बरीच कमी होते.