‘एएफएमखाली पेशी मरते’ हा दावा तपासून पाहू

अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप म्हणजे एएफएम: अतिसूक्ष्म सुईने नमुन्याला स्पर्श करून त्याचा पृष्ठभाग आणि कडकपणा मोजणारं उपकरण. त्याबद्दल एक दावा सर्रास केला जातो: सुई टोचली की पेशी मरते, म्हणजे ‘जिवंत पेशीची’ म्हणून सांगितलेली मोजमापं मेलेल्या पेशीचीच असतात. शिवाय उपकरणाला निर्वात पोकळी लागते आणि कडकपणाचे आकडे दर वेळी वेगळे येतात, अशा दोन पुरवण्या.

निर्वात पोकळी लागते ती इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला. बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनी १९८६ मध्ये मांडलेला एएफएम हवेत चालतो तसा द्रवातही चालतो. पेशी डिशमध्ये, पोषक द्रवात, ३७ अंश सेल्सिअसला ठेवून मोजता येतात.

आता टोचण्याचं. ही सुई, म्हणजे प्रोब, एका अतिशय लवचिक पट्टीच्या टोकाला असतो. तो पेशीला टेकला की पट्टी वाकते, तिच्या पाठीवरून परतणारा लेझरचा ठिपका डिटेक्टरवर सरकतो आणि त्यावरून बल कळतं. ठरवलेलं बल गाठलं की प्रोब लगेच मागे येतो. मऊ पेशींसाठी ही मर्यादा बहुधा एक नॅनोन्यूटनच्या (न्यूटनच्या एक अब्जांश भागाच्या) आसपास किंवा त्याहून कमी ठेवतात. तीक्ष्ण टोकाऐवजी काही मायक्रोमीटरचा गोल मणी लावला तर दाब आणखी विभागला जातो. जास्त जोर लावून पेशीपटल भेदता येतं, हे मान्य. पण म्हणून प्रत्येक स्पर्श जीवघेणा ठरत नाही. याला हृदयाच्या पेशींइतका बोलका पुरावा नाही. धडधडणाऱ्या पेशीवर प्रोब टेकवून ठेवला तर प्रत्येक ठोक्याबरोबर पट्टी हलते आणि ठोक्यांचा आलेख मिळतो. मेलेली पेशी ठोके देत नाही! मायकोबॅक्टेरिया (क्षयाचे जंतू ज्या गटात येतात ते) तर एएफएमखाली वाढताना आणि विभागताना पिढ्यान्‌पिढ्या पाहिले गेले आहेत.

आकड्यांच्या तक्रारीत मात्र तथ्य आहे. किती बलाने पेशी किती दबली यावरून कडकपणा काढणारं हर्ट्झचं गणित पदार्थ एकजिनसी आणि पुरेसा जाड आहे असं धरून चालतं. पेशी तशी नसते. पातळ कडेवर दाबलं तर खालची काच जाणवते आणि पेशी आहे त्याहून कडक वाटते. वेग किंवा टोकाचा आकार बदलला तरी आकडा बदलतो. त्यामुळे दोन प्रयोगशाळांचे किलोपास्कल (कडकपणाचे आकडे या एककात देतात) थेट शेजारी मांडणं चूकच. पण एकाच पद्धतीने केलेली तुलना टिकते. २००७ मध्ये रुग्णांच्या फुप्फुसाभोवतालच्या द्रवातल्या पेशी अशा मोजल्या, तेव्हा पसरलेल्या कर्करोगाच्या पेशी त्याच द्रवातल्या निरोगी पेशींपेक्षा सुमारे ७० टक्के मऊ निघाल्या. यावरून एकाच पेशीला दाबून कर्करोगाचं निदान करता येईल, असं मात्र कुणी समजू नये. फरक अनेक पेशींच्या मोजमापांतून दिसतो.