रूपकाची सम आणि ३०२चे काका

"रात्रीचे दहा वाजले आहेत. शेजाऱ्यांचा विचार करा, हेडफोन वापरा."

परवा हे मला सांगितलं माझ्याच कॉम्प्युटरमधल्या तबल्यानं. वाक्याशेजारी झोपलेल्या चंद्राचं चित्र आणि खाली एकच बटण: 'समजलं'. 'नाही समजलं' किंवा 'तुला कोणी विचारलं?' अशी काही सोय नाही. 'समजलं' दाबल्याशिवाय पुढचा धा वाजत नाही. दाबलं. करतो काय, सकाळी एका शाळेला गॅदरिंगच्या समूहगीताचा ट्रॅक पोचवायचा होता.

धंदाच तो आहे माझा. शाळांची गॅदरिंग, भजनी मंडळांची रेकॉर्डिंग, मधूनच एखाद्या नगरसेवकाच्या वाढदिवसाचं गाणं. घरात खरा तबला आहे, पण आमच्या सोसायटीत तो रेकॉर्ड करायला बसलं की कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाला आणि 'कृपया दरवाजा बंद करा' म्हणणारी लिफ्ट अशी तिघांची जुगलबंदी सुरू होते. म्हणून सॉफ्टवेअर. वर्षाचे पैसे आगाऊ भरायचे, आणि 'इंडियन परकशन'चे वेगळे.

सॉफ्टवेअर मुळात ड्रमचं. किक, स्नेअर, हायहॅट यांची त्यात चंगळ आहे. स्नेअरवर एकच काठी मारली तरी त्या आघाताचे डझनभर निरनिराळे नमुने आलटूनपालटून वाजतात, कारण तोच नमुना पुन्हा पुन्हा वाजला की ऐकणाऱ्याला यंत्र ओळखू येतं. आमच्या 'ना'चे नमुने दोन. एक बरा आहे. दुसऱ्याला सर्दी झाली आहे.

मी तेही चालवून घेतलं असतं. माझं मुख्य भांडण रूपक तालाशी, म्हणजे त्यांच्या रूपकाशी. हे सॉफ्टवेअर कुठल्याही तालाच्या पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, घण घालतं. तीनतालात ठीक, झपतालात ठीक. पण रूपक सात मात्रांचा: ती ती ना, धी ना, धी ना. त्याच्या समेवरच काल, म्हणजे खाली. तिथे टाळी नाही, डग्ग्याची घुमक नाही, नुसती ती 'ती'. पहिल्या तीन मात्रा डग्गा गप्प बसतो आणि चौथीला धी येतो, त्यातच त्या तालाची सगळी गंमत. यांच्या रूपकात समेवरच डग्गा धम्मकन आदळतो. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तिथे पायरीच नसावी, तसं होतं गाणाऱ्याचं.

हे मी कंपनीला अनेकदा लिहून कळवलं. त्याबरोबर आणखी दोन गोष्टी. एक, लय मिनिटाला ३० मात्रांच्या खाली उतरत नाही, ती उतरू द्या. विलंबित एकतालात एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची असू शकते, बारा मात्रांचं आवर्तन पुरं व्हायला जवळजवळ मिनिट जातं. दोन, डग्ग्यावर मनगट सरकवून जो घिस्सा काढतात तो नीट काढता येऊ द्या. सध्या पिच वाकवायचं चाक फिरवलं की त्या चॅनेलवरचं सगळंच वाकतं. डग्गा घुमत वर जातो आणि त्याच्या मागोमाग चाटीचा तबलाही लाचारासारखा वर जातो.

प्रत्येक वेळी उत्तर एकच: "बफर वाढवून पाहा."

ज्यांना हा आजार झालेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सेकंदभर आवाजाचे ४४,१०० तुकडे असतात, त्यातले थोडे साठवून मग कॉम्प्युटर बाहेर सोडतो, ती साठवण म्हणजे बफर. २५६चा ठेवला तर जेमतेम सहा हजारांश सेकंदाचा उशीर होतो. १०२४चा केला की तेवीस हजारांश. कानाला एक वेळ चालेल, पॅडवर वाजवणाऱ्या बोटाला ते ताबडतोब खुपतं. रूपकाची सम चुकली म्हणून बफर वाढवायचा, हे म्हणजे... जाऊ दे.

तर अशातच त्यांचं पत्र आलं की तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, अर्धा तास व्हिडिओवर बोलाल का? म्हटलं, आलं एकदाचं कोणीतरी वाटेवर. रविवारी अकराला बसलो. पॅड जोडून ठेवलं, रूपकाचा ठेका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला. आणि नेमके अकराला पाच कमी असताना ३०२चे काका आले.

३०२चे काका आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. आयुष्य ऑडिटमध्ये गेलं. पाण्याच्या टाकीच्या सफाईच्या खर्चावर माझी सही हवी होती. सही दिली. पण स्क्रीनवर एक मुलगी हसून "हाय सर!" म्हणाली आणि काकांनी खुर्ची ओढून घेतली.

"काका, जरा कामाचं बोलणं आहे."

"बोला की. मी काय अडवतोय?"

मुलगी मूळची नागपूरची, राहायला बंगळुरूला, बोलायला गोड. तिनं पहिलाच प्रश्न टाकला, "सर, झीरो ते टेनमध्ये, आमचं सॉफ्टवेअर मित्राला सुचवण्याची शक्यता किती?"

"सात," मी म्हणालो. आमच्या घरात साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास म्हणून पेढे वाटलेले आहेत. सात म्हणजे मी भरभरून दिले होते. पुढे कळलं की ही सगळी पद्धत २००३ साली अमेरिकेत फ्रेड रायकेल्ड नावाच्या गृहस्थांनी मांडली. तिच्यात नऊ आणि दहा देणारे तुमचे भाट, शून्य ते सहा देणारे तुमचे निंदक, आणि सात-आठ देणारे? ते अधिकातही नाहीत नि उण्यातही नाहीत. मराठी माणसानं मनापासून दिलेले मार्क बरोबर त्याच फटीत पडतात.

"माझा शून्य लिहा," काका म्हणाले.

मुलीचा चेहरा असा काही उजळला, की तो माझ्या सातानं उजळायला हवा होता. "अंकल, तुम्हीपण युझर आहात?"

"सगळ्यात जास्त मीच आहे. हे वाजवतात, पण मधूनमधून उठतात, चहा घेतात, बाहेर जातात. माझी खोली बरोबर भिंतीपलीकडे. मला कुठे उठता येतंय?"

ती टाइप करायला लागली. भराभरा. माझ्या वेळी तिनं फक्त सात लिहिलं होतं.

"अंकल, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?"

काकांनी शर्टाच्या खिशातून पेन काढलं, टाकीच्या खर्चाचा कागद उलटा केला आणि मुद्दे मांडले. "एक. हे लोक एकच तुकडा वाजवत बसतात. धा धिन धिन धा, थांब. धा धिन धिन धा, थांब. पुढे काय होतं ते आजवर मला कळलेलं नाही. अहो, निदान शेवट तरी ऐकवा!"

"लूप फटीग!" मुलगी आपल्याशीच म्हणाली. "हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं."

"दोन. रात्री दहा ते सकाळी सहा. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. वाचलेत का तुमच्या कंपनीनं?"

"काका, ते लाउडस्पीकरचे नियम आहेत," मी म्हणालो.

"मग हे काय आहे?" त्यांनी माझ्या टेबलावरचे स्पीकर दाखवले. मुलीनं कॅमेऱ्यात मान पुढे करून ते पाहिले आणि मान डोलावली. माझं गिऱ्हाईकपण मी भरलेल्या पैशांसकट तिथे संपलं.

"तीन. हिशोब. महिन्याला किती वेळ वाजवलं, किती वाजता वाजवलं, याचा तक्ता निघाला पाहिजे. मला मीटिंगमध्ये ठेवता येईल."

"यूसेज डॅशबोर्ड," ती म्हणाली, आणि मला वाटतं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

अर्ध्या तासातली शेवटची काही मिनिटं माझ्या वाट्याला आली. मी कागद कॅमेऱ्यासमोर धरला. "हे पाहा, रूपकाच्या समेवर डग्गा नसतो."

"म्हणजे पहिल्या बीटचा आवाज कमी हवाय?"

"कमी नकोय. डग्गा नकोय."

"मग पहिला बीट कुठला हे कळणार कसं?"

"गाणाऱ्याला कळतं."

"पण सर, युझरला?"

मी टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं. ती ती ना, धी ना, धी ना. मांडीवर डग्गा. दुसऱ्या आवर्तनाला काका म्हणाले, "हे असं चालतं बघा. रोज." तिनं तेही लिहून घेतलं.

"सर, मी हे कॅटेगरीत टाकते हं. बग, प्राइस, मोर साउंड्स, अदर. यातलं..." ती जराशी घुटमळली. "मोर साउंड्समध्ये टाकते."

एक आवाज काढून टाका म्हणतोय मी!

तिच्यावर राग नाही. खाने तिला आखून दिलेले, ती बिचारी भरणार. पण हे खाने आखतं कोण, हा प्रश्न मला जुना आहे. १९८३ साली मिडी आलं, म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर यांची आपसात बोलायची भाषा. कुठली पट्टी दाबली आणि किती जोरानं, एवढं ते यंत्राला सांगतं. जोराच्या १२७ पायऱ्या आहेत. पण बोट तबल्याच्या कडेच्या चाटेवर पडलं की आतल्या लवेवर की मधल्या काळ्या शाईवर, मनगट पुडीवर टेकलेलं होतं की उचललेलं, हे सांगायला तिथे जागा नाही. मग १९९१ साली जनरल मिडी ठरलं, म्हणजे जगभरच्या यंत्रांनी कुठला आवाज कुठल्या नंबरवर ठेवायचा त्याची यादी. तालवाद्यांना दहावा चॅनेल, ३५ ते ८१, एकंदर ४७ आवाज. त्यात शिट्ट्या आहेत, एक आखूड, एक लांब. ब्राझीलची क्विका आहे, तीही दोन आवाजांत. ५६वर काउबेल. ५८वर व्हायब्रास्लॅप, म्हणजे गाढवाचा जबडा वाळवून खडखडवत असत त्या वाद्याचा आधुनिक अवतार. गाढवाच्या जबड्याला नंबर मिळाला. तबल्याला नाही. सुरांच्या १२८ आवाजांत सतार १०५ला आहे, सनई ११२ला आहे. सनई-चौघड्यातली सनई नेली आणि चौघडा दारात ठेवला. तेव्हापासून आमची वाद्यं 'वर्ल्ड' किंवा 'एथनिक' नावाच्या फोल्डरमध्ये राहतात, आणि त्या फोल्डरचे पैसे वेगळे पडतात. बरं, घिशाचाही तोडगा निघालाय. २०१८ साली ठरलेल्या नव्या पद्धतीत प्रत्येक स्वराला स्वतंत्र चॅनेल देता येतो, मग डग्गा एकटा खुशाल वाकेल. यांना लिहिलं तर 'रोडमॅपवर आहे' म्हणाले. रोडमॅप म्हणजे आमच्याकडच्या रिंगरोडची बहीण असावी.

या मानानं आमचा तबलेवाला बरा. डग्गा बसका बोलतोय असं सांगितलं की तो एकदा टिचकी मारून ऐकतो, वादी ओढतो, कडेनं हातोडीचे चार ठोके देतो आणि वर आपल्यालाच विचारतो, "वाजवताय की कुटताय?" वाईट वाटतं, पण डग्गा बोलायला लागलेला असतो.

आता नव्या आवृत्तीत काय काय आलं ते सांगतो. रात्री दहाची सूचना आली, ती तुम्ही पाहिलीच. ती बंद करता येते, पण त्याहून वरच्या प्लॅनमध्ये, जादा पैसे भरून. एकच तुकडा दहादा वाजवला की 'थोडी विश्रांती घ्या' म्हणणारा चहाचा कप आला. महिन्याचा तक्ता आला, रंगीत. मोर साउंड्समध्ये तीन नव्या काउबेल आल्या. लय अजून ३० वरच आहे. आणि सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरांत: 'युझर्सच्या सूचनेवरून रूपकाची पहिली मात्रा अधिक ठळक केली आहे.'

तो आवाज मी ऐकला. आता समेवर दोन डग्गे आहेत.

काकांना मात्र कंपनीनं आभार मानून वर्षभराचं सॉफ्टवेअर फुकट दिलं, 'इंडियन परकशन'सकट. मुलाचा जुना लॅपटॉप होता, त्यावर त्यांनी ते घालून घेतलं. गेल्या आठवड्यापासून पहाटे सहाला भिंतीपलीकडून धम्म, ती ना, धी ना, धी ना सुरू होतं आणि साताला दूधवाला येईपर्यंत चालतं. चहाच्या कपाला ते भीक घालत नाहीत. काल न राहवून गेलो.

"काका, सहा वाजलेत फक्त."

"सहा वाजून दोन मिनिटं. नियम दहा ते सहा."

"बरं, पण निदान तो रूपक तरी नीट लावा. समेवर डग्गा नसतो."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "असतो," ते म्हणाले. "नवीन व्हर्जनमध्ये आहे."